मांडीच्या हाडातील दांडा

'खुबा बदलला' असे आता आपल्याकडे सहज म्हटले जाते. मोतीबिंदू काढला, दात बसवले, तसाच खुबा बदलला. घरातील वडीलधारी मंडळी दोन-तीन महिन्यांत काठी टाकून चालू लागतात आणि रविवारच्या मिस्साला आपल्या नेहमीच्या बाकावर पुन्हा दिसू लागतात. गुडघे टेकण्याच्या वेळी त्यांतली काही बसून राहतात, एवढाच काय तो फरक. या सहजपणामागे शंभराहून अधिक वर्षांची धडपड आहे. तिच्याविषयी बोलताना सर्वांचे लक्ष नव्या गोळ्याकडे आणि नव्या वाटीकडे जाते. आम्हाला मात्र या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो एक साधा, जवळजवळ सुतारकामातला प्रश्न : जिवंत हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा पक्का कसा बसवावा, आणि तो वीस-पंचवीस वर्षे पक्का कसा राहावा?

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, एका आखूड मानेवर तोललेला, गुळगुळीत गोळा असतो. संधिवाताने हा गोळा झिजतो, पडण्याने मान मोडते, कधी रक्तपुरवठा तुटून गोळा आतूनच ढासळतो. शल्यचिकित्सक मान कापून हा गोळा काढून टाकतो. पण नवा गोळा उभा कशावर करायचा? सुदैवाने मांडीचे हाड नळीसारखे पोकळ असते व आत मज्जा असते. त्या नळीत दांडा उतरवायचा आणि दांड्याच्या माथ्यावर गोळा ठेवायचा, ही कल्पना सुचायला सोपी आहे, निभावायला अवघड. चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार या सांध्यावर येतो आणि एका पायाची अशी पावले वर्षाला दहा लाखांच्या आसपास भरतात. शिवाय हा भार सरळ खाली येत नाही. गोळा मानेमुळे आतल्या बाजूला कललेला असल्याने तो दांड्याला वाकवू पाहतो, आणि माणूस जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना पिळूही पाहतो. दांडा केसभर हलू लागला की हाड झिजते, पोकळी रुंदावते, दांडा आणखी हलतो. रुग्णाला त्याची जाणीव होते ती उठून पहिली चार पावले टाकताना मांडीत उठणाऱ्या कळेने.

या प्रश्नाला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांत बर्लिनचे थेमिस्टोक्लीस ग्लुक हे होते. १८९० च्या सुमारास क्षयाने नासलेल्या सांध्यांच्या जागी त्यांनी हस्तिदंताचे सांधे बसवले आणि ते हाडात रोवण्यासाठी राळ, प्युमिस दगडाची पूड व प्लास्टर यांचे मिश्रण वापरून पाहिले. हाडात भरण घालण्याची दिशा बरोबर होती. पण क्षयाने पोखरलेल्या, पू झालेल्या जागी काहीही टिकणे शक्य नव्हते. पुढे बोस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये गोळ्यावर काचेची टोपी बसवली. काच फुटली. १९३८ मध्ये व्हायटॅलियम हा मिश्रधातू हाती आल्यावर त्यांची टोपी टिकू लागली. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी गोळा आणि वाटी दोन्ही पोलादाची करून बसवली. परंतु लगोलग महायुद्ध सुरू झाले आणि ते काम तिथेच थांबले.

लांब दांड्याचा मान जातो तो अमेरिकेतील ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांच्याकडे. १९४० मध्ये, गाठीने खाल्लेल्या मांडीच्या हाडाचा वरचा भागच त्यांनी धातूचा करून बसवला. या अनुभवातून १९५० च्या सुमारास मूर यांचा आणि न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक थॉम्प्सन यांचा, असे नळीत उतरणारे दोन दांडे तयार झाले. मूर यांच्या दांड्याला खिडक्या होत्या. त्यांतून हाड वाढावे आणि दांड्याला कवेत घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मान मोडलेल्या वृद्धांसाठी 'ऑस्टिन मूर' हा दांडा आपल्या देशातील इस्पितळांतही दीर्घकाळ वापरला गेला, आणि अनेक घरांतून हे नाव डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले असेल. तो अर्धाच सांधा असतो : गोळा नवा, वाटी मूळची.

युरोपात मात्र १९४६ पासून पॅरिसच्या ज्युदे बंधूंचा, रॉबेर आणि झाँ यांचा, बोलबाला झाला. त्यांनी ॲक्रिलिक प्लास्टिकचा गोळा केला व आखूड खुंटीने तो मानेत ठोकला. सुरुवातीचे परिणाम डोळे दिपवणारे होते. पुढे खुंट्या मोडू लागल्या, गोळे झिजू लागले, दांडे सैल पडले.

येथे या कथेत तो माणूस येतो ज्याच्यावाचून ती सांगताच येत नाही. जॉन चार्नली यांचा जन्म १९११ साली इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावी झाला. विगन शहराजवळच्या रायटिंग्टन येथील, पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात त्यांनी आपले काम उभारले. ज्युदे पद्धतीचा गोळा बसवलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. तो पुढे वाकला की त्याचा सांधा असा कुरकुरे की त्याची पत्नी खोलीतून उठून जाई, अशी हकिकत सांगितली जाते. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिले असते. चार्नली यांनी त्या आवाजात घर्षण ऐकले. त्यांनी विचार केला तो असा : गोळा वाटीत जेवढा अडकतो, तेवढी प्रत्येक हालचालीची पिळवणूक खुंटीवर उतरते; म्हणजे दांडा सैल होण्याचे मूळ हाडातच शोधून भागणार नाही, ते सांध्याच्या तोंडाशीही आहे. यावरून त्यांनी दोन निष्कर्ष काढले. घर्षण कमी करायचे, आणि दांडा असा रोवायचा की उरलेल्या घर्षणाने तो डळमळू नये.

पहिल्यासाठी त्यांनी गोळा लहान केला. निसर्गाचा गोळा पाच सेंटिमीटरच्या आसपास. चार्नली तो कमी करत करत सात अष्टमांश इंचावर, म्हणजे सव्वाबावीस मिलिमीटरच्या जवळपास, घेऊन आले. लहान गोळ्याचा वाटीवरचा पीळ कमी, आणि वाटीला जाडीही जास्त देता येते. दुसऱ्यासाठी ते दंतवैद्यांकडे गेले. कवळ्यांसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक हे भुकटी आणि द्रव एकत्र केले की आपोआप घट्ट होते, हे दंतवैद्यकाला ठाऊक होते. मँचेस्टरमध्ये दंतसाहित्याचा अभ्यास करणारे डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने चार्नली यांनी १९५८ मध्ये हे ॲक्रिलिक मांडीच्या हाडाच्या नळीत भरले व त्यात दांडा रोवला. असा प्रयत्न इतर एक-दोघांनी आधी केला होता. चार्नली यांचे मोठेपण पहिलेपणात नाही. हे द्रव्य करते काय, हे त्यांना नेमके उमगले, यात आहे.

'सिमेंट' या नावाने सामान्य माणसाची फसगत होते, आणि त्या काळच्या अनेक शल्यचिकित्सकांचीही झाली. त्यांना वाटले, हा डिंक आहे. धातू हाडाला चिकटवतो. हे सिमेंट धातूला वा हाडाला चिकटत नाही. ते भरण आहे. भिंतीत चौकटीचा होल्डफास्ट बसवताना गवंडी भोक मोठे करतो आणि लोखंडाभोवती माल ठासून भरतो. लोखंड मालाला चिकटले म्हणून चौकट टिकत नाही, तर माल भिंतीच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसला म्हणून टिकते. नुसता दांडा हाडाच्या वेड्यावाकड्या नळीला तीन-चार ठिकाणीच टेकतो आणि सारा भार त्या तीन-चार बिंदूंवर पडतो. तेवढे हाड दबते व विरते. भरण घातले की तोच भार नळीच्या संपूर्ण आतल्या भिंतीवर पसरतो. १९६० मध्ये चार्नली यांनी आपला पहिला अहवाल प्रसिद्ध केला, तो सहा रुग्णांचा.

मग घात झाला, पण दांड्याच्या बाजूने नव्हे. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन वापरले होते. स्पर्शाला इतके निसरडे दुसरे काही नव्हते. सुमारे तीनशे रुग्णांना हे सांधे बसवले गेले. रुग्ण आनंदाने चालू लागले. आणि तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या चुऱ्याने भोवतालचे हाड खाऊन टाकले. चार्नली यांनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला आणि तेथे उठलेल्या गाठीचे निरीक्षण १९६३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापले. दरम्यान १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी बनलेले पॉलिएथिलीन घेऊन रायटिंग्टनला आला होता. चार्नली यांनी ते हातात घेऊन नाकारले. त्यांचे लेथवरचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी मात्र, साहेब परदेशी असताना, तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चालूनही तो टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकाही झिजला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून वाट्या पॉलिएथिलीनच्या होऊ लागल्या. शल्यचिकित्सेच्या इतिहासग्रंथांत कारागिरांची नावे क्वचितच सापडतात. क्रेव्हन यांचे सापडते, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्या रुग्णांचे टेफ्लॉन निकामी झाले त्यांच्यावर चार्नली यांनी स्वतः पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. सिमेंटवरचा त्यांचा विश्वास या सर्व आपत्तीतही ढळला नाही.

शस्त्रक्रियेचे नाव आले की वाचकांना काहीतरी अतिसूक्ष्म डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे काम करवत, कानस आणि हातोडी यांचे आहे. मान कापल्यावर नळीचे तोंड उघडायचे. येथेच पहिली चूक होते : छिद्र थोडे मागे आणि थोडे बाहेरच्या अंगाला धरावे लागते. ते आत धरले तर दांडा तिरका उतरतो, त्याचे टोक हाडाच्या बाहेरच्या भिंतीला टेकते, तेथे सिमेंट पातळ राहते, आणि काही वर्षांनी तडा जातो तो तेथूनच. मग नळी दांड्याच्या आकाराच्या कानशीने घासायची, परंतु आतले जाळीदार हाड सगळे खरवडून टाकायचे नाही, कारण सिमेंटला पकडायला त्या जाळीचीच भोके हवीत. तात्पुरता दांडा घालून पायाची लांबी पाहायची; दांडा दहा-पंधरा अंश पुढे वळलेला ठेवायचा. नंतर भुकटी व द्रव मिसळले की मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो. चार्नली तो अंगठ्याने नळीत दाबून भरत. दांडा एकाच संथ दाबाने उतरवायचा आणि सिमेंट तापून घट्ट होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. ही दहा-बारा मिनिटे कोणासाठी थांबत नाहीत.

अंगठ्याने भरण्यात एक उणीव होती. हाडातून रक्त सतत पाझरत असते. सिमेंटच्या थरांमध्ये रक्त अडकले की थर एकजीव होत नाहीत. म्हणून पुढील काळात नळीच्या खालच्या बाजूस बूच बसवण्यात येऊ लागले, पाण्याच्या झोताने जाळी धुऊन घेतली जाऊ लागली, आणि लांब नळीच्या बंदुकीने सिमेंट तळापासून वर भरले जाऊ लागले. वरून तोंड बंद करून दाब दिला की सिमेंटचा दाब रक्ताच्या दाबाहून जास्त राहतो व ते जाळीत शिरते. या दाबाची दुसरी बाजूही आहे. मज्जेतील चरबी शिरांमध्ये ढकलली जाऊन रुग्णाचा रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून सिमेंट भरण्यापूर्वी शल्यचिकित्सक भूल देणाऱ्या डॉक्टरांना मोठ्याने सांगतो.

काही वर्षे चार्नली यांनी असा नियम ठेवला होता की जो शल्यचिकित्सक रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकेल, त्यालाच त्यांचे सांधे विकले जावेत. अनेकांना हा अहंकार वाटला. टेफ्लॉनचे तीनशे रुग्ण ज्याने पाहिले त्या माणसाचा हा अहंकार असेल, असे आम्हाला वाटत नाही. रुग्णांनाही त्यांची एक विनंती असे : मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला तपासू द्यावा. अनेकांनी ती मानली. त्या दानातून १९७० मध्ये त्यांना दाखवता आले की सिमेंटला लागून असलेले हाड वर्षानुवर्षे जिवंत राहते. सूक्ष्मदर्शकाखालचा तो पुरावा देणारे सारे रुग्ण तोवर दफन झाले होते.

आता या कथेतील आमच्या मते सर्वांत बोधक प्रकरण. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्झेटर येथे शल्यचिकित्सक रॉबिन लिंग आणि तेथील विद्यापीठातील अभियंता क्लाइव्ह ली यांनी नवा दांडा आखला. तो पहिल्यांदा १९७० च्या नोव्हेंबरमध्ये बसवला गेला. तो वरून खाली निमुळता होत जाणारा, आरशासारखा चकचकीत होता, आणि हाडावर टेकणारी कॉलर त्याला नव्हती. १९७६ मध्ये त्याचे पोलाद अधिक मजबूत झाले, आणि त्याबरोबर पृष्ठभाग खरखरीत झाला. हा बदल कोणी फारसा विचार करून केला नव्हता. खरखरीत पृष्ठभाग सिमेंटला अधिक धरून राहील, असेच कोणालाही वाटले असते. काही वर्षांनी उलटे दिसू लागले. खरखरीत दांडे सैल पडत होते. जुने चकचकीत दांडे ठाम होते.

कारण शोधता शोधता असे लक्षात आले की चकचकीत दांडा सिमेंटमध्ये स्थिर नसतोच. तो पहिल्या काही वर्षांत एखाद-दोन मिलिमीटर खाली सरकतो आणि पाचरीसारखा अधिकाधिक घट्ट बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर जितकी खाली जाते तितका दांडा घट्ट होतो, हे आपल्याकडील कोणताही सुतार सांगेल. खरखरीत दांड्यालाही थोडे हलायचेच असते, पण तो सरकू शकत नाही. हलताना कानशीसारखा सिमेंट घासत राहतो, आणि तो चुरा हाडापर्यंत पोहोचतो. कॉलर नसण्यामागील शहाणपणही येथेच उलगडते, कारण कॉलर असती तर पाचर उतरलीच नसती. चार्नली यांचा मूळचा दांडाही गुळगुळीतच होता, हे तेव्हा अनेकांना नव्याने आठवले. १९८६ मध्ये एक्झेटरचा दांडा पुन्हा चकचकीत झाला. पृष्ठभागावरील मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा हा फरक. तो समजायला दहा वर्षे लागली आणि त्याची किंमत मांडीत कळ घेऊन चालणाऱ्या माणसांनी मोजली. चार्नली तोवर राहिले नव्हते. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

सिमेंटशिवाय दांडा बसवणारा दुसरा पंथ याच काळात वाढला. सैल दांड्यांभोवती हाड खाल्ले गेलेले दिसे. त्याचा दोष सिमेंटवर ठेवून १९८७ मध्ये त्याला 'सिमेंटचा आजार' असे नावही मिळाले. पुढे कळले की झिजलेल्या पॉलिएथिलीनचे कण हा त्यातला मोठा अपराधी होता. तोवर धातूवर सूक्ष्म छिद्रांचा थर किंवा हाडातील खनिजासारखे हायड्रॉक्सीॲपेटाइट चढवून हाडच दांड्यात वाढवण्याची पद्धत रूढ झाली होती. येथे मूर यांच्या खिडक्यांची कल्पना फळाला आली, असे म्हणता येईल. या पद्धतीत नळी दांड्याहून किंचित अरुंद ठेवून दांडा ठोकून बसवतात. कानस पुरेशी घट्ट झाली की हातोडीचा आवाज बदलतो, आणि अनुभवी शल्यचिकित्सक तो कानाने ओळखतो. एक ठोका जास्त पडला तर हाड उभे चिरते. हाड भक्कम असलेल्यांना ही पद्धत चांगली मानवते. ठिसूळ हाडाच्या वृद्धांमध्ये सिमेंटचे महत्त्व अजून ओसरलेले नाही.

दांडा चांगला की वाईट हे बसवणाऱ्याला बसवताना कळत नाही, दहा वर्षांनी कळते. म्हणून स्वीडनने १९७९ पासून बदललेल्या प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंद ठेवली. इंग्लंडने ते तेव्हा केले नाही. तेथे १९९१ पासून चार्नली यांच्या धर्तीवरचा एक स्वस्त सांधा, 'थ्री-एम कॅपिटल', साडेचार हजारांहून अधिक रुग्णांना बसवला गेला. त्याचे दांडे फार लवकर सैल पडतात हे जाहीर व्हायला १९९८ उजाडले, आणि कोणाला कोणता सांधा बसवला हे इस्पितळांची दप्तरे धुंडाळून काढावे लागले. इंग्लंड आणि वेल्समधील राष्ट्रीय नोंदणी २००३ मध्ये सुरू झाली.

आपल्या देशाला हा धडा डेप्यू कंपनीच्या 'एएसआर' सांध्याने दिला. धातूच्या वाटीत धातूचा गोळा असलेला हा सांधा कोबाल्ट व क्रोमियमचे कण शरीरात सोडत असल्याचे दिसून आल्यावर २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागलेला नव्हता. पत्ते बदललेले, कागद हरवलेले.

प्रत्येक दांड्याच्या खोक्यात बनावट, आकार व क्रमांक छापलेल्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या असतात. त्यांतली एक शस्त्रक्रियेच्या कागदांवर लावली जाते. रुग्णाने तिची प्रत मागून घ्यावी आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकी जपून ठेवावी. पंधरा-वीस वर्षांनी तोच सांधा पुन्हा उघडावा लागला, तर कोणता दांडा आत आहे यावर पुढचे सारे ठरते. तो निमुळता व चकचकीत असेल आणि भोवतालचे सिमेंट शाबूत असेल, तर शल्यचिकित्सक तो वरच्या वर ठोकून काढू शकतो व जुन्या सिमेंटच्याच साच्यात थोडे नवे सिमेंट घालून दुसरा दांडा बसवू शकतो. तो खरखरीत असेल, तर सिमेंट तुकड्या-तुकड्याने छिन्नीने काढावे लागते. कधी कधी मांडीचे हाडच उभे चिरून उघडावे लागते.